प्रश्न तुमचे: बायनरी सर्च अजून फास्ट होऊ शकतो का?

मागच्या अंकात बायनरी सर्चवर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधलं नाव बघायचं, आपलं नाव त्याच्या आधीचं की नंतरचं ते ठरवायचं, अर्धी यादी सोडून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच, बास. एवढ्याशा मजकुरावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापता येत नाहीत, चार निवडलीत.

नमस्कार ताई, मी सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी मी बायनरी सर्च सुधारायचं ठरवलं. दोनऐवजी तीन भाग केले, म्हणजे दर फेरीत एक तृतीयांशच यादी उरते, मग ते फास्टच असणार ना? पण कोड चालवला तर कधी फास्ट येतो कधी स्लो. सर म्हणाले की हे जुनं आहे आणि यात आता नवीन करण्यासारखं काही उरलं नाही. माझी आयडिया चुकीची आहे का?
— एक विद्यार्थी, सांगली

तुझी आयडिया एका हिशोबाने चुकीची आहे आणि दुसऱ्या हिशोबाने तू अगदी बरोबर दारात उभा आहेस, फक्त आत गेला नाहीस. दोन्ही सांगते.

आधी चुकीचा भाग. १० लाख आकडे घे. बायनरीला २० फेऱ्या लागतात आणि दर फेरीत एक तुलना, म्हणजे २० तुलना. तुझ्या पद्धतीत फेऱ्या १३ होतात हे खरं, पण दर फेरीत दोन ठिकाणी बघावं लागतं, म्हणजे वाईटात वाईट २६ तुलना. कधीकधी पहिल्या तुलनेतच काम होतं ते धरून सरासरी काढली तरी २१ च्या आसपास येते, म्हणजे तरीही जास्तच. आणि हे तुझ्या कोडमुळे नाही. एका हो-नाही प्रश्नातून शक्यता जास्तीत जास्त निम्म्या होतात, २० प्रश्नांत १०,४८,५७६ शक्यता वेगळ्या करता येतात आणि १९ मध्ये त्याच्या निम्म्याच, त्यामुळे फक्त तुलना मोजायच्या असतील तर २० च्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, कितीही हुशार असला तरी. इथे तुझे सर बरोबर आहेत.

पण कॉम्प्युटरला तुलना महाग पडते असं कोणी सांगितलं? तुलना स्वस्त असते, महाग असते ती मेमरीची फेरी. प्रोसेसरच्या जवळच्या कॅश नावाच्या छोट्या मेमरीतून आकडा आणायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो आणि लांबच्या रॅममधून आणायला १०० च्या घरात. आणि रॅममधून तो एकच आकडा कधी आणत नाही, ६४ बाइटचा अख्खा तुकडा उचलून आणतो, म्हणजे ४ बाइटचे १६ आकडे. गिरणीत दळण घेऊन गेलं की दोन किलो न्या नाहीतर दहा किलो, चक्कर तेवढीच. बायनरी सर्च काय करतो, तर १६ आकडे घरी आणतो, त्यातला एक बघतो, बाकीचे १५ टाकून देतो आणि पुन्हा गिरणीची वाट धरतो.

आता तुझी आयडिया परत बघ. तीन भागांवर थांबलास, १७ का नाही केलेस? एका तुकड्यात १६ आकडे अशा हिशोबाने ठेवले की त्यांनी यादीचे १७ भाग होतील, तर १७ चा पाचवा घात १४,१९,८५७ होतो, म्हणजे १० लाख आकड्यांना फक्त ५ फेऱ्या. तुकड्याच्या आत १६ तुलना कराव्या लागतात पण आजचे प्रोसेसर त्या एकाच सूचनेत किंवा दोनचार सूचनांत करून टाकतात. डेटाबेसमध्ये हाच विचार १९७० पासून आहे, बायर आणि मॅक्रेट यांनी बोइंगमध्ये काम करताना बी-ट्री नावाची मांडणी काढली ती हार्डडिस्कच्या चकरा वाचवायला, कारण डिस्क तर रॅमपेक्षाही कितीतरी लांब. म्हणून म्हटलं, तू दारात उभा आहेस.

दुसरी एक युक्ती तर मला फार म्हणजे फारच आवडते. १५९० साली मायकेल आयत्सिंगर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने राजघराण्यांच्या वंशावळी छापल्या आणि पूर्वजांना नंबर देण्याची एक पद्धत वापरली. स्वतःला १, वडलांना २, आईला ३, आणि पुढे कुणाचाही नंबर घ्या, त्याच्या दुपटीला त्याचे वडील, दुपटीपेक्षा एक जास्तला त्याची आई. आता वंशावळीच्या जागी आपली यादी ठेव. मधला आकडा १ नंबरच्या खणात, डाव्या अर्ध्याचा मधला २ मध्ये, उजव्याचा ३ मध्ये, असं करत जा. तुलना तेवढ्याच, २० च्या २०. पण सुरुवातीला दर वेळी लागणारे आकडे आता शेजारी शेजारी बसले, ते कॅशमधून हलतच नाहीत. शिवाय तू ज्या खणावर आहेस त्याच्या चार पिढ्या खालचे सगळे १६ जण सलग असतात, तर सुरुवात ६४ बाइटच्या हद्दीवर आणून ठेवलीस की ते एकाच तुकड्यात येतात आणि तो तुकडा आधीच मागवून ठेवता येतो, तू तिथे पोचेपर्यंत तो हजर. खुओंग आणि मोरिन या दोघांनी २०१७ च्या पेपरमध्ये वेगवेगळ्या मांडण्या मोजून बघितल्या आणि ही जुनी वंशावळीची मांडणी सर्वात फास्ट निघालेल्यांपैकी होती.

कधी फास्ट कधी स्लो याचं कारण बहुतेक हेच. १००० आकड्यांची यादी ४ केबीची, ती पूर्ण कॅशमध्ये मावते, तिथे कुठलीही पद्धत घे फरक दिसत नाही. १ कोटीवर गेलास की ४० एमबी, मग खरा खेळ सुरू होतो. तर असं कर, यादीचा साइज १००० पासून दहापटीने वाढवत १ कोटीपर्यंत ने, चारही पद्धती त्याच यादीवर त्याच क्रमाने चालव, आणि शोधायचे आकडे क्रमाने देऊ नकोस, रँडम दे, नाहीतर लागणारे आकडे कॅशमध्ये आधीच येऊन बसलेले असतात आणि वेळ खोटा छान येतो. आणि मधला इंडेक्स काढताना दोन्ही टोकं बेरीज करून दोनने भागत असशील तर आत्ताच बदल, डावं टोक अधिक फरकाचा अर्धा असं लिही. बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की ३२ बिटच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या खणात, ती ऋण होते. ही चूक जावा भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तिच्याबरोबर येणाऱ्या तयार कोडमध्ये, वर्षानुवर्षं होती, जोशुआ ब्लॉकने २००६ मध्ये ते जाहीर लिहिलं.

आणि काही उरलं नाही म्हणशील तर अँड्र्यू क्रापिविनचं बघ. अमेरिकेत रटगर्सला शिकत असताना त्याने हॅश टेबलवर, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या खणात ठेवायची ते गणिताने ठरवणाऱ्या मांडणीवर, डोकं चालवायला सुरुवात केली. जवळजवळ भरलेल्या टेबलात नवीन गोष्ट ठेवायला किती खण तपासावे लागतात याबद्दल अँड्र्यू याओ यांचा १९८५ चा एक अंदाज होता आणि चाळीस वर्षं तो सगळे धरून चालले होते. टेबल ९९.९ टक्के भरलंय, म्हणजे हजारात एक खण रिकामा, तर याओंच्या म्हणण्याप्रमाणे वाईट वेळी हजाराच्या हिशोबाने खण बघावे लागणार. क्रापिविनला हा अंदाज माहीतच नव्हता. त्याने पद्धत काढली, मग फराक-कोल्टन आणि कुझमॉल यांच्याबरोबर २०२५ मध्ये ती सिद्ध करून मांडली, तिथे हजाराऐवजी हजाराच्या लॉगचा वर्ग येतो (लॉग म्हणजे हजार किती वेळा निम्मे केले की १ उरतो, साधारण १०), ढोबळमानाने १०० च्या हिशोबात. त्याच वर्षी चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या रान दुआन आणि सहकाऱ्यांनी शॉर्टेस्ट पाथमधली, म्हणजे सर्वात जवळची वाट शोधण्यातली, दशकानुदशकं न हललेली वेगाची मर्यादा ओलांडली. हे सरांना दाखव, वाद घालायला म्हणून नको, त्यांनाही आवडेल.

मी निवृत्त शिक्षिका आहे. नातू बायनरी सर्च शिकवत होता. मला प्रश्न पडला की शब्दकोशात ‘हळद’ शोधायची तर मी काही कोश मधून उघडत नाही, शेवटाकडूनच उघडते. मग कॉम्प्युटर मधूनच का उघडतो?
— एक वाचक, नाशिक

बाई, या एका प्रश्नावर संशोधकांनी वर्षं घालवलीत आणि तुम्ही तो नातवाच्या अभ्यासाला बसल्या बसल्या विचारलात, मला खूप आनंद झाला.

बायनरी सर्च फक्त आधी की नंतर एवढंच विचारतो, किती आधी हे विचारतच नाही. तुम्ही ते विचारता. या पद्धतीला इंटरपोलेशन सर्च म्हणतात, पीटरसनने १९५७ मध्ये ती मांडली. पहिला आकडा १, शेवटचा १००० आणि शोधायचाय ९००, तर सरळ नव्वद टक्क्यांवर जाऊन बघायचं. आकडे सारखे पसरलेले असतील तर १०० कोटींच्या यादीत बायनरीला ३० वेळा बघावं लागतं आणि हिला सरासरी पाचेक वेळा. हे गणिताने सिद्ध झालंय, १९७० च्या दशकात याओ दांपत्याने केलं (वरच्या उत्तरातले अँड्र्यू याओ तेच) आणि पर्ल, इताई, अवनी यांनीही केलं.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? कारण आकडे सारखे पसरलेले नसतात. समजा यादी आहे १, २, ३ असं करत ९९९ पर्यंत आणि शेवटी एकच आकडा १०० कोटी. शोधायचाय ९९९. कॉम्प्युटर बघतो की १०० कोटींच्या मानाने ९९९ म्हणजे काहीच नाही, म्हणून अगदी सुरुवातीला बघतो, मिळत नाही, एक घर पुढे सरकतो, पुन्हा तोच अंदाज, पुन्हा एक घर, असं करत हजाराच्या जवळपास फेऱ्या. बायनरीने दहांत काम झालं असतं. एका आकड्याने सगळी पद्धत मोडीत काढली. त्यावर उपाय साधा आहे, एकदा अंदाजाने बघायचं, एकदा मधून बघायचं, आलटून पालटून. म्हणजे अंदाज लागला तर फायदा आणि नाही लागला तरी बायनरीच्या दुपटीपेक्षा फारसं जास्त कधीच जात नाही. मला विचाराल तर सुधारणा अशी असावी, चांगल्या दिवसाचा फायदा घेणारी पण वाईट दिवशी घर न बुडवणारी.

आता तुमच्या कोशाकडे परत येते. तुम्ही नुसती वर्णमाला मोजत नाही. क, प, स यांची पानंच्या पानं असतात आणि ठ, ढ, झ पटकन संपतात, हे तुमच्या हाताला इतक्या वर्षांत माहीत झालंय, म्हणून तुमचा अंदाज साध्या गणितापेक्षा चांगला येतो. हीच गोष्ट २०१८ मध्ये टिम क्रास्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाबेससाठी मांडली, लर्न्ड इंडेक्स म्हणून. यादीवरून एक छोटं मॉडेल शिकवायचं की कुठला आकडा साधारण कुठे आहे, आणि शिकवतानाच मोजून ठेवायचं की त्याचा अंदाज जास्तीत जास्त किती घरांनी चुकतो. समजा ५० घरांनी. मग शोधताना मॉडेलने सांगितलेल्या जागेच्या अलीकडे ५० पलीकडे ५० एवढ्यातच बायनरी सर्च करायचा, अख्ख्या यादीत नाही. नातवाला सांगा, आजीचा हात म्हणजे लर्न्ड इंडेक्स आणि शेवटची दोनचार पानं उलटणं म्हणजे बायनरी सर्च.

ताई, मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. ॲम्ब्युलन्सला कमी वेळाचा रस्ता दाखवायचा प्रोजेक्ट आहे, ए-स्टार वापरलाय. सपाटीला मस्त चालतो पण भोरकडून वरंध घाट उतरून महाडला यायचं म्हटलं की खूपच गावं तपासत बसतो. मैत्रीण म्हणते हेऊरिस्टिकला दीडने गुण, पटकन येईल. करू का?
— एक विद्यार्थिनी, महाड

दीडने गुणू नकोस, निदान ॲम्ब्युलन्ससाठी तरी नको. कारण सांगते.

ए-स्टार १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी काढला, शेकी नावाच्या रोबोटला वाट शोधून द्यायला. त्याच्या आधीचा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम चहूबाजूंनी पसरतो, पाण्यात दगड टाकल्यासारखा. ए-स्टार म्हणतो की जिथे जायचंय तिकडे बघत पसरा, आणि तिकडे म्हणजे किती लांब याचा एक अंदाज सोबत ठेवा, हाच तुझा हेऊरिस्टिक. अट एकच, अंदाज खऱ्यापेक्षा कधीही जास्त नको. दीडने गुणलंस की ही अट मोडते, आलेला रस्ता खऱ्या कमीत कमी वेळापेक्षा दीडपटीपर्यंत जास्त वेळ घेणारा असू शकतो. जिथे २० मिनिटांत पोचता आलं असतं तिथे ३०.

तुझी अडचण अशी की सरळ रेषेतलं अंतर खोटं नाही पण घाटात ते फार दुबळं आहे. कड्याच्या टोकावरचं गाव आणि खालचं गाव नकाशावर एकमेकांना चिकटलेली दिसतात, म्हणून ए-स्टार कड्यावरच्या सगळ्या गावांत जाऊन जाऊन बघतो की इथून खाली रस्ता आहे का, आणि नसतो.

लँडमार्कची पद्धत वापर, गोल्डबर्ग आणि हॅरलसन यांची २००५ ची. नकाशाच्या कडेची पाचसात ठिकाणं निवड, हे तुझे लँडमार्क, आणि प्रत्येकापासून सगळ्या गावांना लागणारी मिनिटं डायक्स्ट्राने एकदाच काढून ठेव. आता समजा एका लँडमार्कपासून महाड १२० मिनिटं आहे आणि तू आत्ता ज्या गावावर आहेस ते त्याच लँडमार्कपासून ७० मिनिटं. मग इथून महाडला ५० पेक्षा कमी मिनिटं लागूच शकत नाहीत, लागली असती तर लँडमार्कपासून महाडही १२० च्या आत आलं असतं. सरळ रेषेने कदाचित १० मिनिटं सांगितली असती. हा ५० चा आकडा खऱ्या रस्त्यांवरून आलाय, त्यात घाटाची वळणं आपोआप धरलेली आहेत. सगळ्या लँडमार्कमधून सर्वात मोठा येईल तो घे. लँडमार्क नेहमी जायच्या ठिकाणाच्या पाठीमागच्या बाजूला किंवा आपल्या पाठीमागे असेल तर जास्त उपयोगी पडतो, म्हणून कडेचे घ्यायचे, मधले नाही. एकेरी रस्ते असतील तर जायची आणि यायची मिनिटं वेगळी ठेव.

आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यासाठी यात एक मोठी सोय आहे. दरड पडली, घाट बंद झाला, तर वेळ वाढतोच, कमी होत नाही, म्हणजे आधी काढून ठेवलेले अंदाज खऱ्यापेक्षा कमीच राहतात आणि तसेच वापरता येतात. फक्त बंद रस्ता नकाशातून काढायचा आणि चालू पडायचं. २००८ मध्ये आलेली काँट्रॅक्शन हायरार्की नावाची पद्धत याहून कितीतरी फास्ट आहे, पण तिच्यात असा रस्ता बदलला की तयारीचं काम बऱ्यापैकी पुन्हा करावं लागतं, त्यामुळे तुझ्या कामाला मी लँडमार्कच सुचवीन. नवा बोगदा किंवा पूल झाला तर मात्र सगळं परत काढ.

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. ११ हजार पुस्तकांची यादी भाच्याने कॉम्प्युटरवर चढवली, बायनरी सर्च लिहिला. पण ‘फळबाग’ नावाने सुरू होणारं पुस्तक यादीत डोळ्याला दिसतं आणि सर्चला सापडत नाही. काही पुस्तकं कधी सापडतात कधी नाही. अल्गोरिदम बदलावा का?
— एक वाचक, जिल्हा सोलापूर

काका, अल्गोरिदम ठीक आहे, बिघाड त्याच्या आधी आहे. तुम्ही यादी कशी लावलीत? नक्की आपल्या वर्णमालेने, म्हणजे ळ हा ह च्या नंतर. त्यामुळे ‘फसवणूक’ आधी आणि ‘फळबाग’ नंतर. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो नंबर देतो त्यात, ळ चा नंबर ल च्या लगेच नंतर आहे, व, स, ह या सगळ्यांच्या आधी. आता सर्च ‘फळबाग’ शोधताना वाटेत ‘फसवणूक’ला पोचला की तो नंबर बघून म्हणतो फळबाग याच्या आधी असणार, आणि वरच्या अर्ध्यात जातो. पुस्तक खालच्या अर्ध्यात. ज्या नियमाने यादी लावली त्याच नियमाने तुलना झाली पाहिजे, नाहीतर बायनरी सर्च आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूला जातो. आणि ‘कधी कधी’ का, तर वाटेत असा शब्द आडवा आला तरच चुकतं.

दुसरी गोष्ट टायपिंगची. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे टिंबवाला ऱ घेऊन, ‘आचाऱ्यांना’. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, ‘आचार्‍यांना’. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या आत वेगवेगळे. भाचा कदाचित म्हणेल की न दिसणारी चिन्हं सगळी उडवून टाकतो, तर त्याला आधी थांबवा, कारण ते चिन्ह उडालं की स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे एकदम आचार्य होतात, ‘आचार्यांना’, आणि दऱ्यांचा दर्या होतो. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही मिळून जिथे असेल तिथे ऱ आणि हलन्त करायचं, मग बाकीची उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची. मी स्वतः एकदा एका यादीत यात अख्खी संध्याकाळ घालवलीय, म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

तर भाच्याला सांगा, पुस्तकाचं नाव आहे तसंच ठेव, त्याच्या शेजारी शोधासाठी एक वेगळा कॉलम कर. त्यात ऱ एकसारखे केलेले, दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व केलेले, ‘सम्बन्ध’चा ‘संबंध’ केलेला. वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही तेच सोपस्कार करायचे आणि मग जुळवायचं, म्हणजे कोणी ‘फसवणूक’चा उकार चुकवला तरी पुस्तक हाताला लागतं.

आणि ११ हजारांसाठी बायनरी सर्च हवाच कशाला? पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ तपासलं तरी आजच्या साध्या कॉम्प्युटरवर पापणी लवायच्या आत होतं, शिवाय मग नावाच्या मधला शब्दही सापडतो, नुसता सुरुवातीचा नाही. तुमच्या वाचकांना बऱ्याचदा नावातला मधलाच शब्द आठवत असणार.